पॅरामोरचा नाचरा अल्बम आणि माझं २०१७

गेल्या रविवारी ठाण्यात तलावपाळीला बसलो होतो, मी आणि माझा मामेभाऊ. तो एकोणीस वर्षांचा आहे, सध्या गिटार शिकतोय, आणि भेळ खाता खाता सहज म्हणाला, ताई तो तुझा पॅरामोर बँड आधी काय भारी होता ना, नंतर एकदम पॉप झाला, डिस्को टाइप. राग नाही आला मला, पण आत कुठेतरी लागलं, कारण २०१७ च्या मे महिन्यात त्यांचा 'आफ्टर लाफ्टर' हा अल्बम आला तेव्हा हेच वाक्य मी स्वतः बोलले होते, जवळजवळ ह्याच शब्दांत. तिथे त्या गर्दीत त्याला नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत टेनेसी राज्यात फ्रँकलिन म्हणून गाव आहे, तिथल्या शाळकरी पोरांनी २००४ मध्ये हा बँड सुरू केला, गायिका हेली विल्यम्स. २००७ मध्ये त्यांचा 'रायट!' हा अल्बम आला तेव्हा हेली अठरा वर्षांची होती. मी तो ऐकला २००८ मध्ये, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मैत्रिणीने ब्लूटूथवर पाठवलेली गाणी, नोकियाचा फोन आणि एका कानाचा बंद पडलेला इअरफोन. एका कानात पण ते पुरायचं. डिस्टॉर्शन लावलेल्या, खरखरणाऱ्या गिटार, पळणारे ड्रम, आणि कोरस असा की तिसऱ्यांदा यायच्या आत तुम्ही ओरडायला लागलेले असता. पॉप-पंक म्हणजे साधारण हेच, रागाला चाल लावलेली. 'मिझरी बिझनेस' हे गाणं मिनिटाला १७० ठोक्यांच्या वर पळतं, आणि एकोणिसाव्या वर्षी माझ्या डोक्यात जे चाललेलं असायचं त्याचा पण वेग तोच होता.

आता ठोक्यांचं निघालंय तर सांगते, मी ठाण्यातल्या एका पथकात चार वर्षं ढोल वाजवलाय. नवीन पोरं आली की सगळ्यात पहिली चूक एकच करतात, लय पळवतात. जोश येतो, टिपरू आपोआप जोरात पडायला लागतं, आणि टोलवाला बिचारा मागे राहतो. आमचे दादा ओरडायचे, पळू नका, धरा. तेव्हा वाटायचं ह्यांना मजाच कळत नाही. फास्ट वाजवायला दम लागतो हे खरं, पण मधल्या वेगात अर्धा तास एकाच जागी लय धरून ठेवायला जे लागतं ते वेगळंच काहीतरी असतं, खांद्यात आग होते आणि मन शांत ठेवावं लागतं. हे मला पथक सोडल्यावर कळलं, आणि खरं सांगू तर ह्या अल्बममुळे कळलं.

बँडचं मध्ये बरंच काय काय झालं. २०१० च्या डिसेंबरमध्ये फॅरो भाऊ बाहेर पडले, गिटारवाला जॉश आणि ड्रमवाला झॅक, आणि ते काही गोडीत झालं नाही. मग २०१५ च्या शेवटी बेसवाला जेरेमी डेव्हिस गेला आणि ते प्रकरण तर कोर्टात गेलं. उरले हेली आणि गिटारवाला टेलर यॉर्क. हेलीने नंतर उघडपणे सांगितलंय की त्या काळात ती डिप्रेशनमध्ये होती, त्यात लग्न पण मोडलं. आणि मग झॅक परत आला. आधी फक्त अल्बमचे ड्रम वाजवायला आला होता आणि २०१७ च्या सुरुवातीला पुन्हा बँडमध्येच. सहा वर्षं. मला ह्या गोष्टीचं अजून भरून येतं, कारण मित्र म्हणून तुटलेली माणसं पुन्हा एका खोलीत बसून वाजवतात हे इतकं सोपं नसतं. 'ग्रजेस' नावाचं गाणं आहे त्यावरच, आणि त्यात झॅकचा पण आवाज आहे.

१९ एप्रिल २०१७ ला पहिलं गाणं आलं, 'हार्ड टाइम्स'. मी ऑफिसच्या डेस्कवर हेडफोन लावले आणि सुरुवातीलाच मरिंबासारखी लाकडी टणटण. मला वाटलं चुकीची लिंक उघडली. गिटार आहे पण स्वच्छ, खरखर नाहीच, छोटे छोटे तुकडे वाजवतेय, व्हिडिओत सगळं गुलाबी-निळं ऐंशीच्या दशकातलं, आणि शेवटी रोबोटसारखा आवाज. १२ मे ला पूर्ण अल्बम आला, 'आफ्टर लाफ्टर', बारा गाणी. मी एकदा ऐकला आणि बंद केला. ग्रुपवर लिहिलं की संपला बँड. खूप वाईट वाटलं होतं मला त्या दिवशी, आपलं माणूस पोशाख बदलून समोर आलंय आणि ओळखच देत नाहीये असं.

मग जुलैमध्ये माझी नोकरी गेली. ऐरोलीला एका कंपनीत होते, त्या वर्षी आयटीत बऱ्याच जणांचं झालं तसंच, एका खोलीत बोलावलं आणि राजीनामा लिहून घेतला, वीस मिनिटांत सगळं संपलं. मी घरी सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते आता समजावता येत नाही. बाबा नुकतेच रिटायर झाले होते, धाकट्याची फी भरायची होती, आणि रोज उद्या सांगू उद्या सांगू करत पाच आठवडे गेले. आम्ही कोपरीत राहतो, ठाणे पूर्वेला, त्यामुळे नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलचा प्लॅटफॉर्म जवळ पडतो. मी रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, वाशीची गाडी पकडायचे, ऐरोलीला उतरणारी ओळखीची तोंडं दिसली की मान खाली, आणि तशीच पुढे वाशीपर्यंत. दिवसभर सागर विहारच्या बाजूला नाहीतर स्टेशनच्या त्या मोठ्या बिल्डिंगमध्ये बसून नोकरीचे अर्ज भरायचे, दुपारी डबा खायचा, संध्याकाळी गाडी पकडून घरी. आई विचारायची आज उशीर नाही झाला? मी म्हणायचे काम कमी होतं.

त्या दिवसांत मी आधी 'रायट!' लावून बघितला. आणि तो चालेचना. ओरडायला समोर कोणीतरी लागतं ना, ज्याच्यावर ओरडायचं असा कोणीतरी. माझ्यासमोर कोणीच नव्हतं, ज्या बाईने राजीनामा लिहून घेतला तिचे पण हात थरथरत होते. मग एके सकाळी गाडीत रबाळे स्टेशन गेलं आणि फोनने आपोआप 'हार्ड टाइम्स' लावलं, मी बदलणारच होते पण उभी होते दांडी धरून, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी, म्हणून राहिलं. आणि घणसोली यायच्या आत माझ्या लक्षात आलं की माझी टाच हलतेय. पाच आठवडे मला भूक नव्हती, झोप नव्हती, रडू पण येत नव्हतं, आणि टाच हलतेय.

मग मी तो अल्बम पथकातल्या कानाने ऐकला, म्हणजे खालून वर. आधी ड्रम. 'हार्ड टाइम्स' मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास आहे, डिस्कोच्या घरातला ठेका, आणि तो झॅक जो एकोणीस-वीस वर्षांचा असताना सगळं फोडून काढायचा तो इथे इतका संयमाने वाजवतो, एक ठोका जास्तीचा नाही. मग बेस. जेरेमी गेलेला, त्यामुळे बेस वाजवला जस्टिन मेल्डल-जॉनसनने, जो टेलरबरोबर ह्या अल्बमचा निर्माता पण आहे. जुन्या गाण्यांत बेस गिटारच्या भिंतीमागे उभा असायचा, इथे तो पुढे येऊन चालतो, गाणं खरं तर तोच ओढतो. आणि गिटारची भिंतच काढून टाकल्यामुळे मध्ये मोकळी जागा झालीये, आणि त्या मोकळ्या जागेत हेलीचा आवाज. आधी ती भिंतीवरून उडी मारून गायची. इथे मागे लपायला काही नाही, आणि म्हणून ती काय म्हणतेय ते ऐकू यायला लागतं.

आणि ती काय म्हणतेय! 'हार्ड टाइम्स'मध्ये सकाळी उठावं आणि सगळं ठीक असावं एवढंच मागणं आहे. 'रोझ-कलर्ड बॉय'मध्ये सतत पॉझिटिव्ह राहा सांगणाऱ्या मुलाला ती म्हणते मला अजून थोडा वेळ रडू दे. 'फेक हॅपी' तर नावातच आलं, सुरुवातीला लांबून, बंद दरवाज्याच्या आतून आल्यासारखा गिटार आणि आवाज, आणि मग एकदम चकचकीत ठेका सुरू, म्हणजे घरातून बाहेर पडताना आपण चेहरा लावतो अगदी तसं. अल्बमच्या नावाचं हेलीने सांगितलं होतं की हसून झाल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जो एक क्षण येतो ना, तो. मी रोज संध्याकाळी दाराची बेल वाजवायच्या आधी एक क्षण जिन्यात थांबायचे. तो क्षण कोणीतरी हजारो मैलांवर पकडून ठेवला होता.

२९ ऑगस्टचा पाऊस सगळ्यांना आठवत असेल. गणपतीचा पाचवा दिवस होता, लोकल ठप्प, सगळीकडे पाणी. मी वाशी स्टेशनच्या पायऱ्यांवर होते आणि बाबांचा फोन आला. ऑफिसातच थांब, अजिबात निघू नकोस, कँटीनमध्ये काहीतरी खाऊन घे, तिथे तुम्ही सगळे सुरक्षित आहात. मी हो बाबा म्हटलं. फोन ठेवला आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा रडले, भर गर्दीत, कोणाला काही वाटलं नाही कारण त्या दिवशी तिथे सगळेच भिजलेले होते. मग एनएमएमटीची एक बस मिळाली आणि मी घणसोली गावात माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे गेले, तीच जिने २००८ मध्ये ती गाणी पाठवली होती. तिला सगळं सांगितलं. तिने चहा दिला, कोरडे कपडे दिले आणि एवढंच म्हणाली, बाबांना सांग गो, उद्याच सांग.

दुसऱ्या दिवशी सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पास कधीपर्यंतचा आहे? मी म्हटलं चौदा तारखेपर्यंत. म्हणाले, मग आता पुढचा काढू नकोस.

त्या मैत्रिणीचं पुढच्या वर्षी फेब्रुवारीत लग्न झालं. आगरी घर, त्यामुळे हळद म्हणजे हळद, अख्खं गाव मांडवात आणि रात्रभर बेंजो. तिची आई दीड वर्षापूर्वी गेलेली. संध्याकाळी धवलारीण बायका धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, गायला बसल्या तेव्हा त्यात आईचं नाव यायची वेळ आली आणि सगळ्या बायका डोळे पुसायला लागल्या, ती मात्र ताठ बसून होती, हळदीने पिवळी झालेली. आणि मग रात्री बेंजो सुरू झाला, ती उठली आणि नाचायला लागली आणि नाचता नाचता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण पाय थांबले नाहीत. तिच्या मावश्या पण तशाच, रडत आणि नाचत, गोल करून, तिला मध्ये घेऊन. कोणी म्हटलं नाही की अगं बस जरा, पाणी पी. त्यांना माहीत होतं की आत्ता हिला ठेका सोडू द्यायचा नाही.

मी तिथे उभी राहून विचार करत होते की अरे, हे तर आपल्याला आधीपासून येतं. विरहाची लावणी ढोलकीवरच म्हणतात ना? वारीत डोळ्यात पाणी असलं तरी पावली चुकत नाही. दुःखाचं गाणं म्हणजे संथच असलं पाहिजे हे कुठून आलं माझ्या डोक्यात? मग पॅरामोरने तेच केलं तर मी त्यांना पॉप झाले म्हणून कसं मोडीत काढलं?

मामेभावासाठी अजून एक. हे एका रात्रीत झालेलं नाही रे. २०१३ च्या अल्बममध्ये 'एन्ट इट फन' आहे, त्यात फंकसारखा ठेका आणि चर्चमधल्यासारखा कोरस, त्याला २०१५ मध्ये सर्वोत्तम रॉक गाण्याचा ग्रॅमी मिळाला, म्हणजे वाट तिथेच वळायला लागली होती. आणि पंकमधून नाचाकडे जाणारे हे काही पहिले नाहीत, ब्लाँडी आणि टॉकिंग हेड्स हे बँड न्यूयॉर्कच्या त्याच पंकवाल्या जागांमधून आले आणि सत्तरच्या दशकातच तिकडे वळले. ब्लाँडीने डिस्को केलं तेव्हा त्यांनाही विकले गेले म्हणून ऐकून घ्यावं लागलं.

सगळंच आवडतं असं नाही हं. 'नो फ्रेंड' मला अजूनही जमत नाही, त्यात हेली गातच नाही, दुसऱ्या बँडचा गायक आहे आणि तो खाली दबलेल्या आवाजात बोलत राहतो, मी ते पुढे ढकलते. पण त्याच्यानंतर येणारं शेवटचं 'टेल मी हाउ' पियानोवर सुरू होतं ना, ते कधीच नाही ढकललं. पुढे २०१८ मध्ये त्यांनी 'मिझरी बिझनेस' स्टेजवर वाजवणं बंद केलं, त्यातली एक ओळ बाईने बाईला म्हणावी अशी नाही असं हेलीला वाटायला लागलं होतं, आणि २०२२ मध्ये परत वाजवायला लागले. मला दोन्ही वेळेला ती बरोबर वाटली. २०२३ चा 'धिस इज व्हाय' तर गिटारकडे परत येतो पण ह्या नाचातून शिकलेलं सगळं घेऊन, आणि त्याला २०२४ मध्ये सर्वोत्तम रॉक अल्बमचा ग्रॅमी मिळाला.

रविवारी परत जाताना मामेभाऊ माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत आला, तो कोपरखैरण्याला राहतो. गाडीला वेळ होता. मी माझा एक इअरफोन त्याच्या कानात घातला आणि म्हटलं काही बोलू नकोस, फक्त बेस ऐक. 'फेक हॅपी' लावलं. सुरुवातीला तो फोनच बघत होता. मग ठेका पडला. मी त्याच्याकडे बघितलं नाही मुद्दाम, इंडिकेटरकडे बघत राहिले, पण त्याच्या पाठीवरच्या गिटारच्या कव्हरची चेन हलत होती, टिक टिक, बरोबर ठेक्यावर. गाडी लागली, तो चढला, इअरफोन त्याच्याच कानात राहिला.