ब्रेलमधल्या बंदिशी: भूप झाला, यमन चालू

भातखंडे लिपीतल्या (शास्त्रीय संगीताचे स्वर-ताल लिहायच्या पद्धतीतल्या) बंदिशी ब्रेलमध्ये उतरवण्याचं काम आता यमन रागावर आलंय. भूप मुद्दाम आधी घेतला, कारण पाचही स्वर शुद्ध. अक्षरं भारती ब्रेलचीच (भारतीय भाषांचं ब्रेल; एका घरात सहा ठिपके, डावीकडे वरून खाली 1-2-3, उजवीकडे 4-5-6): सा म्हणजे नुसता स (ठिपके 2-3-4), रे म्हणजे र. काना-मात्रा गाळल्या की एक स्वर एका घरात बसतो.

यमनमध्ये तीव्र मध्यम आला आणि खरी गंमत सुरू झाली. छापील पानावर तीव्रची रेघ म च्या डोक्यावर, कोमलची स्वराखाली, तार (वरच्या) सप्तकाचा बिंदू वर, मंद्राचा (खालच्या) खाली. ब्रेलमध्ये सगळं एकामागे एक, म्हणून चिन्ह स्वराच्या आधीच हवं. म वाजवून झाल्यावर तो तीव्र होता हे कळून काय उपयोग? शेवटी तीव्रला ठिपका 4, कोमलला 6, तारला 4-5, मंद्राला 5-6 असं ठरवलं. वरचं वर, खालचं खाली! भारती ब्रेलमध्ये एकटा 4 म्हणजे हलन्त आणि 6 म्हणजे विसर्ग, पण स्वरांच्या ओळीत दोन्ही येत नाहीत. गाण्याचे बोल वेगळ्या ओळीत.

तयार ब्रेल संगीतलिपी का नको, असं विचारणारे भेटतात. लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवायचा, 1829 च्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच संगीत आहे. पण त्या लिपीत स्वर कायमच्या पट्टीला बांधलेले. आमचा सा आज काळी एक, उद्या पांढरी चार.

पानं तपासतात आमचे एक काका, जन्मापासून दृष्टी नाही, पेटीवर हात पक्का. ते म्हणाले, "एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर. वाचायला तिसरा कुठून आणू?" म्हणजे एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) वाचायचं, पाठ करायचं, मग वाजवायचं. त्यामुळे एका ओळीत एकच आवर्तन, हा नियम आता मोडत नाही. त्रितालाच्या 16 मात्रा, विभागांमधल्या 3 मोकळ्या जागा आणि समेआधी (पहिल्या मात्रेआधी) सहाही ठिपक्यांचं भरलेलं घर, मिळून 20 घरं. शिवाय तीव्र-मंद्राची चिन्हं. बंदिश खालीपासून (नवव्या मात्रेपासून) उठली तरी सम बोटाला चुकत नाही.

अडलंय ते चंद्रकोरीपाशी, म्हणजे एका मात्रेतले स्वर बांधायला छापील पानावर त्यांच्याखाली काढतात त्या खुणेपाशी. एका मात्रेत दोन स्वर आले की दोन्ही बाजूंनी कंस घालावे, की आधी एकच चिन्ह पुरे? कंसांनी तानेची ओळ ब्रेल लिहायच्या पाटीबाहेर जाते. एका चिन्हाने तीन-चार स्वरांची मात्रा कुठे संपली ते कळत नाही. कुणी करून पाहिलं असेल तर सांगा; भीमपलास त्याशिवाय हातात घेत नाही.