फ्रिज थंड करण्याआधी ओहम मोजा

सुपरकंडक्टिंग क्यूबिट (रोधाशिवाय वीज वाहू देणाऱ्या धातूचं, क्वांटम संगणकाचं मूलभूत एकक) म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ते सोनेरी झुंबर येतं, म्हणजे चिप अतिथंड करणारा डायल्यूशन फ्रिज. पण क्यूबिट बरा की वाईट, हे बरंचसं त्याच्या कितीतरी आधी, पिवळ्या दिव्याखालच्या रेझिस्टच्या (नक्षी काढण्यासाठी चिपवर पसरायच्या संवेदनशील लेपाच्या) खोलीत ठरलेलं असतं. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनलेल्या 6 क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेबरोबर ऑगस्ट 2024 मध्ये पूर्ण झाली. तिथेही भौतिकशास्त्र, मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअर अशी तीन वेगळी कामं एकत्र आली होती. त्यात चौथं काम रसायनाचं असतं, आणि त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही.

क्यूबिटचा जीव असतो जोसेफसन जंक्शनमध्ये. दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि मधे 1 ते 2 नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर, बस. हा थर अणूच्या एका थराइतका जाड-बारीक झाला तरी प्रवाह कित्येक पटींनी बदलतो.

बनवण्याची जुनी आणि अजूनही चालणारी रीत म्हणजे 1977 मधली डोलन यांची पुलाची युक्ती. वेफरवर (चिपच्या चकतीवर) आधी एमएमए कोपॉलिमर या रेझिस्टचा सुमारे 500 नॅनोमीटरचा थर, त्यावर पीएमएमए या दुसऱ्या रेझिस्टचा 200 चा. दोन्ही 180 अंशांना भाजायचे. ई-बीमने (इलेक्ट्रॉनच्या झोताने) नक्षी काढली की खालचा थर जास्त संवेदनशील असल्यामुळे आतून पोखरला जातो, आणि वरच्या थराचा एक अरुंद पूल अधांतरी उरतो. आता चेंबरमध्ये वेफर एका बाजूला कलवून पहिलं ॲल्युमिनियम टाकायचं, शुद्ध ऑक्सिजन सोडून ठरावीक दाबाला ठरावीक मिनिटं ठेवायचं, पुन्हा निर्वात करायचं आणि उलट्या बाजूला कलवून दुसरं ॲल्युमिनियम टाकायचं. दुसरा थर पहिल्यापेक्षा जाड हवा, नाहीतर पहिल्याच्या कडेवर चढताना तो तुटतो. पुलाखाली दोन्ही सावल्या जिथे एकमेकींवर येतात, ते जंक्शन.

घोडं पेंड खातं ते इथेच. सावल्यांची ओव्हरलॅप, म्हणजे एकमेकींवर येणारी लांबी, ठरते खालच्या थराच्या जाडीवर: जाडीची दुप्पट गुणिले कोनाचा टॅन, वजा पुलाची रुंदी. 500 नॅनोमीटर, 15 अंश आणि 150 चा पूल धरला तर 118 नॅनोमीटर येते. रेझिस्टची बाटली जुनी झाली किंवा स्पिनरचा (वेफर गरगर फिरवून रेझिस्ट पसरवणाऱ्या यंत्राचा) वेग थोडा चुकला आणि थर 450 चा बसला, तर तीच ओव्हरलॅप 91 वर येते. क्षेत्रफळ जवळपास 23 टक्क्यांनी कमी, रोध 30 टक्क्यांनी जास्त, आणि 5.2 गिगाहर्ट्झ वारंवारतेचा क्यूबिट 4.6 च्या आसपास घसरतो. दोष ऑक्सिडेशनला दिला जातो, चूक असते स्पिनरची. म्हणून दर खेपेला एका फालतू तुकड्यावर थराची जाडी मोजून घ्यावी. पाच मिनिटांचं काम आहे, पण कंटाळा केला जातो तो नेमका ह्याच कामाचा.

डेव्हलप केल्यावर तळाशी रेझिस्टचा काही नॅनोमीटरचा सायीसारखा थर राहतो. तो न काढता ॲल्युमिनियम टाकलं तर धातूखाली घाण कायमची गाडली जाते आणि क्यूबिटचा आयुष्यकाळ खाते. म्हणून ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित ऑक्सिजन वायू) थोडा वेळ द्यावा. जास्त दिलात तर पूल बारीक होऊन कोसळतो. वेफर सफायरचा (नीलमणीचा) वापरत असाल तर आणखी एक गोष्ट: तो विद्युतरोधक असल्यामुळे बीमचा विद्युतभार साचून नक्षी सरकते. वर पातळ वाहक थर हवाच.

लिफ्ट-ऑफ झाल्यावर, म्हणजे रेझिस्ट विरघळवून वरचं जादा धातू काढून टाकल्यावर, लगेच फ्रिजकडे पळू नका. थंड करायला दोनेक दिवस जातात, आणि खोलीच्या तापमानाला मोजलेला रोधच जवळपास सगळं सांगतो. ॲल्युमिनियमसाठी क्रांतिक प्रवाह (जंक्शनमधून रोधाशिवाय जाऊ शकणारा सर्वाधिक प्रवाह) आणि सामान्य रोध (सुपरकंडक्टिंग नसतानाचा) यांचा गुणाकार साधारण 300 मायक्रोव्होल्ट येतो. म्हणजे 10 किलो-ओहमचं जंक्शन सुमारे 30 नॅनोअँपिअरचं. चार्जिंग ऊर्जा (क्यूबिटच्या धारकतेवरून ठरणारी, इथे वारंवारतेच्या एककात) 250 मेगाहर्ट्झ धरली की त्यातून वरचे 5.2 गिगाहर्ट्झ निघतात. वारंवारता रोधाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे रोधात 2 टक्के चूक म्हणजे वारंवारतेत 1 टक्का, जवळपास 50 मेगाहर्ट्झ.

मात्र मोजताना साधा मल्टिमीटर लावू नका. किलो-ओहमच्या रेंजवर त्यातून 100 मायक्रोअँपिअर गेले तर 10 किलो-ओहमवर 1 व्होल्ट पडतो. 2 नॅनोमीटरच्या थराला ते 50 कोटी व्होल्ट प्रति मीटर झालं! थर फुटतो, मीटर काही ओहम दाखवतो आणि आपण समजतो की जंक्शन मुळातच शॉर्ट होतं. लॉक-इन (अगदी क्षीण संकेत मोजणारं उपकरण) वापरा, मालिकेत मोठा रोध जोडा आणि जंक्शनवर काही मिलिव्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. प्रोब टेकवण्याआधी दोन्ही टोकं जमिनीला जोडलेली हवीत, मनगटाला पट्टा हवा. कोरड्या एसीच्या खोलीत नुसत्या अंगावरच्या स्थिर विद्युतभारानेही जंक्शन जातं.

सिलिकॉनवर मोजताना सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद करा. उजेडात सिलिकॉन स्वतःच वाहू लागतं आणि रोध खोटा, कमी दिसतो. दिवा चालू-बंद करून आकडा हलतो का, हे एकदा पाहिलं की खात्री पटते.

आकडा लिहून ठेवताना तारीखही लिहा. जंक्शन म्हातारं होतं: दिवसागणिक ऑक्साइड हळूहळू बदलतो आणि रोध काही टक्क्यांनी चढतो. बनवल्याच्या दिवशीचा आकडा घेऊन तीन आठवड्यांनी चिप थंड केली, तर क्यूबिट अपेक्षेपेक्षा खालीच सापडेल. फ्रिजमध्ये बसवायच्या आदल्या दिवशी पुन्हा मोजा आणि रेझोनेटरशी (क्यूबिटची स्थिती वाचणाऱ्या मायक्रोवेव्ह सर्किटशी) गणित जुळतंय का ते त्याच आकड्यावरून तपासा.