तुंगनाथ: मोनाल पक्षी बघायचा असेल तर शिखराची घाई नको

उत्तराखंडातल्या तुंगनाथ मंदिरावरून फरसबंदी वाट थेट वरच्या चंद्रशिला शिखरापर्यंत जाते, साधे बूट चालतील, असं सांगणाऱ्यावर एप्रिलमध्ये अजिबात विसंबू नका. चोपता (साधारण २,७०० मीटर) ते तुंगनाथ मंदिर (साधारण ३,६८० मीटर) ही साडेतीन-चार किलोमीटरची वाट बांधलेली आहे. पुढे शिखरापर्यंत कच्ची पायवाट, आणि तिच्या सावलीतल्या घळींत बर्फ. आधीच्या लोकांच्या पावलांचे खळगे रात्री गोठून टणक होतात आणि पहाटे त्यांच्या तिरप्या कडेवर बूट सटकतो. उन्हं वर आली की तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, आणि खाली दगडांमध्ये पोकळी असली तर घोटा गेलाच. मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायचे छोटे खिळे) आणि काठी हवीच. नसतील तर मंदिरापासून परत फिरा.

त्यात फारसं काही बुडत नाही. वरचा खडकाळ भाग खरा कामाचा तो स्नो पार्ट्रिज या तित्तिरासारख्या पक्ष्यासाठी. लाल चोच, लाल पाय, अंगावर बारीक आडव्या रेघा. खडकांत बसला की दहा पावलांवरूनही चुकतो.

मोनालसाठी सूर्योदयाला शिखरावर नाही, तर झाडी संपून बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण, सुरू होतो तिथे उभे राहा. तो चोचीने माती उकरून कंद खातो, म्हणून गवतातली ताजी उकरलेली माती शोधा आणि शिट्टीसारख्या आवाजाकडे कान ठेवा. सावलीत नर नुसता काळा दिसतो. ऊन पडलं की हिरवा, निळा, तांबूस असा पेटतो. उडाला की पाठीवरचा पांढरा पट्टा बघा. मादी तपकिरी, गळा पांढरा.

पायका हा छोटा सस्तन प्राणी वाटेकडेच्या दगडांच्या राशींत राहतो. दिसायला उंदरासारखा, पण ससा त्याचा जवळचा नातेवाईक. गोल कान, शेपूट नाही. वीस मिनिटं न हलता बसा, तो आपणहून बाहेर येतो. कृपा करून बिस्किटं टाकू नका. भर दुपारी तो कपारीत असतो, तेव्हा शोधत बसू नका.

थार या हिमालयातल्या रानबकऱ्यासाठी ८×४२ दुर्बिणीने समोरच्या कड्यांवरच्या गवताळ पट्ट्या सावकाश पाहा. रंग वाळक्या गवताचाच, त्यामुळे आकार नाही, हालचाल शोधा. कस्तुरीमृग ‘हमखास’ दाखवतो म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. एकटा, बुजरा, बहुतेक अंधारात फिरणारा प्राणी आहे तो. त्याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

मंदिराचं कपाट (दार) हिवाळ्यानंतर उघडण्याआधी देव खालच्या मक्कूमठ गावात असतो आणि वरची दुकानं बंद असतात. माणशी दोन लिटर पाणी आणि खाणं चोपत्याहूनच न्या. आदल्या रात्री चोपत्यातच झोपा, कारण एका सकाळीत हजार मीटर चढायचे आहेत. डोकं ठणकायला लागलं तर थांबून वाट बघू नका, खाली उतरा. दुपारी ढग भरले की कडे दिसेनासे होतात. बारापर्यंत थार मिळाला नाही तर त्या दिवसापुरता तो विषय सोडा.