तुम्ही विचारलंत म्हणून: चिलखताच्या छोट्या प्रतिकृतीवरचे खिळे तयार मिळतात, मग हाताने का?

"नव्या पेठेत नेल-आर्टचे धातूचे मणी डबीने मिळतात, ते चिकटवा की." "थ्रीडी प्रिंटरवर अख्खा कोट निघेल." "एवढंसं डोकं, दिसणार कोणाला?" भेटेल तो यातलं एक तरी ऐकवतो. आजवर मी विषय बदलत आलो. आज नीट सांगतो.

मी एकास सहा मापाची चिलखतं करतो. जीव अडकलाय तो 'चिलता हजार माशा'मध्ये, म्हणजे हजार खिळ्यांच्या कोटामध्ये. कापूस भरलेला मखमली अंगरखा आणि त्यावर ओळीने बसवलेली पितळी खिळ्यांची डोकी. अठराव्या शतकात आपल्याकडे असे कोट घालत. खऱ्या खिळ्याचं डोकं सहा मिलिमीटरचं धरलं तर माझ्याकडे ते एक मिलिमीटर होतं.

तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आणतो. पॉवरलूमच्या गावात जळालेल्या मोटरींना तोटा नाही. वरचं व्हार्निश खरवडायचं आणि टोक गॅसच्या निळ्या ज्योतीत धरायचं. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, थेंब वर सरकतो आणि आपोआप गोल होतो. पितळेची तार का नको, हेही विचारतात. जस्ताचा उत्कलनबिंदू ९०७ अंश, म्हणजे तांबं वितळायच्या आधीच पितळेतलं जस्त निसटायला लागतं. पांढरा धूर निघतो, गोळीला खड्डे पडतात. म्हणून गोळी तांब्याची करायची. पोलादी पट्टीच्या भोकात गोळीखालच्या तारेची शेपटी घालून, वरून खोलगट पंचाने हलका ठोका दिला की गोळीची टोपी होते. मग जस्ताच्या चुऱ्याबरोबर झिंक सल्फेटच्या पाण्यात उकळायची. ती रुपेरी होते. धुऊन मंद आचेवर धरली की जस्त तांब्यात मुरतं आणि रुपेरी रंग डोळ्यांदेखत पिवळा होतो. तो रंग वरून लावलेला नसतो, तिथे खरोखरच पितळ तयार झालेलं असतं.

आता मण्यांचं. चिकटवलेला मणी मखमलीच्या लवेवर बसतो. खिळ्याची शेपटी आत ओढून मागे दुमडली की डोकं लव दाबतं, भोवती बारीक खळगा पडतो आणि दोन खिळ्यांमधलं कापड किंचित फुगतं. कोट जड आहे हे डोळ्यांना कळतं ते त्या फुगवट्यामुळे. मण्यांच्या कोटाकडे पाहून ते वजन जाणवत नाही. माझ्यापुरतं उत्तर इथेच संपायला हवं होतं. पण संपत नाही, कारण मध्ये एक प्रसंग झाला आणि तो सांगितल्याशिवाय हे उत्तर अर्धं आहे.

शिवजयंतीला एका मंडळाने जुन्या शस्त्रांच्या आणि चिलखतांच्या प्रतिकृती मांडायचं ठरवलं. त्यांनी मागितला म्हणून मी माझा सर्वांत चांगला कोट दिला. चाटी गल्लीतून निवडून आणलेली गर्द लाल मखमल, पाठीवर खिळ्यांच्या तिरप्या ओळी, छातीवर फुलं. पितळ मी मुद्दाम मळकं केलं होतं, संग्रहालयातल्या कोटांचं असतं तसं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी बाजूला उभा राहून पाहत होतो. लोक तलवारींपाशी थांबत, कोटावरून नजर फिरवत आणि पुढे जात.

दुसऱ्या दिवशी गेलो तर कोट लांबूनच झळकत होता. पोरांनी स्प्रेचा डबा आणून त्यावर सोनेरी रंग मारला होता. जवळ गेलो. रंग डोक्यांच्या कडेला साचला होता, खळगे बुजले होते, लव गठ्ठे होऊन ताठ झाली होती. मला बोलता येईना. एक पोरगा आनंदाने पुढे आला. "काका, आता बघा की, कसं चमकतंय! काल फिकं दिसत होतं वो. लांबून नुसतं कापड वाटायचं."

त्याच्यावर ओरडावं असं वाटलं, पण ओरडलो नाही. कारण तेवढ्यात एक कुटुंब आलं, बापाने मुलीला उचलून धरलं आणि ती बोटाने खिळे मोजायला लागली. आदल्या दिवशी कोणीही मोजले नव्हते.

घरी आणून थिनर लावलं तर मखमलीचाच रंग उतरायला लागला. खिळे काढून धुवावेत तर दुमडलेलं तांबं कडक होतं, सरळ करायला गेलं की तुटतं. ज्योतीने मऊ करावं तर खाली कापड. म्हणजे वाचवायचा प्रत्येक खिळा शेपटी कापून काढायचा, आणि शेपटी गेली की तो मणीच. मी थोडे काढले आणि हात थांबला. फार वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं. "पुन्हा कर की," असं म्हणणाऱ्यांशी मी या विषयावर बोलत नाही.

तेव्हाचा मी म्हणायचो, लांबून पाहणाऱ्यासाठी हे काम नाहीच. जो वाकून पाहील त्याच्यासाठी आहे. आता तेच वाक्य माझ्या तोंडून तितक्या ठामपणे निघत नाही. ज्याने असा कोट शिवून घेतला, त्याने तो मळका शिवून घेतला नव्हता. नवं पितळ उन्हात झळकावं, समोरच्याच्या डोळ्यांत भरावं, हाच त्याचा हेतू असणार. मळकेपणा काळाने आणला आणि मी त्याला खरेपणा म्हणत होतो. मग त्या पोराचा कोट मूळच्या जवळचा की माझा? चमक खिळ्याची हवी, रंगाची नको, एवढं मी आजही भांडून सांगेन. त्यापुढे मला उत्तर सापडत नाही.

आणखी एक गोष्ट मला टोचते. प्रत्येक खिळा काहीतरी धरून ठेवतो, असं मी अभिमानाने सांगत आलो. युरोपातल्या पंधराव्या शतकातल्या ब्रिगँडाइन नावाच्या कापडी चिलखतामध्ये ते खरंच आहे. तिथे बाहेर दिसणारं प्रत्येक डोकं आतली पोलादी पट्टी कापडाला जखडतं. आपल्या हजार माशांपैकी काहींच्या आत पत्रे आहेत, पण काहींत नुसता कापूस आहे. तिथले खिळे काहीच धरत नाहीत. ते जुन्या पत्र्यांची आठवण म्हणून उरले आणि शोभेचे झाले. शोभेचाच खिळा असेल तर मणी का नको, हा प्रश्न तुम्ही विचारण्याआधी मी स्वतःला विचारलाय. मला एवढंच दिसतं की त्या कारागिरांनी पत्रे काढले तरी खिळ्याची शेपटी काढली नाही. मीही काढणार नाही.

सध्या हिरव्या मखमलीचा कोट हातात आहे. छातीत पत्रे घालायचे की कापूस, ते ठरलेलं नाही. पितळ झळकतं ठेवायचं की नाही, तेही नाही. खिळे दोन्हीकडे लागणारच, म्हणून तेच आधी करतोय.