तीनशे पंधरा आणि आजोबांची पावलं

लोकसभेच्या निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा केलेली रायफल जून २०२४ मध्ये परत हातात आली. या नोंदी त्या दिवसापासूनच्या आहेत. रायफल बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातली, .३१५ बोरची. आजोबांनी १९६० मध्ये घेतलेली, त्यांच्यानंतर बाबांच्या परवान्यावर आणि वारसा हक्काने आता माझ्या. जुन्या काडतुसांच्या नादातल्या मित्रांना यातलं काही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आजोबा या रायफलीने सांबर आणि भेकर मारत असत, जंगल खात्याच्या परवान्यावर. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ते पर्व संपलं. ते संपलं हे चांगलंच झालं असं माझं मत आहे. मी कागदावर नेम धरतो. पण हे काडतूस हरणावर कसं वागायचं, किती अंतरावर त्याच्यावर विसंबता यायचं, याची उत्तरं आजोबांच्या शिकारवहीत आहेत. ती वही आणि रायफल एकत्र वाचायची, असं या वर्षी ठरवलं होतं.

काडतुसाबद्दल थोडं. आपल्याकडे याला .३१५ म्हणतात, जगात ८ × ५० आर मानलिशर. फर्डिनांड मानलिशरच्या रायफलींसाठी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेने १८८८ मध्ये घेतलं, तेव्हा त्यात काळी दारू होती. दोनच वर्षांत धूररहित दारू आली. पहिलं महायुद्ध ऑस्ट्रियन शिपाई याच्यावर लढला. पुढे १९३० मध्ये ऑस्ट्रियाने ८ × ५६ आर घेतलं आणि युरोपात हे मागे पडलं. फ्रेंचांच्या लेबेल काडतुसालाही काही ठिकाणी ८ × ५० आर असंच लिहिलेलं असतं. ते वेगळं काडतूस आहे, गल्लत करू नका. .३१५ इंच म्हणजे बरोबर ८ मिलिमीटर, पण हे माप नळीत आतून कोरलेल्या सर्पिल आट्यांच्या उंचवट्यावरचं. गोळी प्रत्यक्षात .३२३ इंचाची असते.

युरोपात मेलेलं काडतूस भारतात जगलं ते एका बंदीमुळे. थ्री-नॉट-थ्री हे फौजेचं काडतूस, म्हणून इंग्रजांच्या काळापासून ते नागरिकांना बंद. स्वातंत्र्यानंतरही ही बंदी तशीच राहिली. मग थ्री-नॉट-थ्रीच्याच ली-एन्फिल्ड रायफलीच्या घडणीवर .३१५ ची नळी बसवून इशापूरने शिकारी रायफल केली, आणि काडतूस आपल्या खडकीच्या कारखान्यात होऊ लागलं. १८६९ पासूनचा हा कारखाना. बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरं असलेले खोके मी लहानपणी कंपासपेटीत घालून शाळेत नेत असे. आज .३१५ चं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुतेक वेळा उत्तरेतल्या गावठी कट्ट्यांच्या बातमीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जून आणि जुलै सफाईत गेले. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटलं तेव्हा आमचा वाडा शनिवार पेठेत होता. रायफल तळमजल्यावरच्या कपाटात होती. आजोबांना ती चार दिवसांनी चिखलातून मिळाली. दस्त्याचं लाकूड फुगलं होतं आणि नळीत गंजाचे खड्डे पडले होते. ते खड्डे आजही आहेत. दिव्यासमोर धरलं की पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात बारीक काळे ठिपके दिसतात. आटे मात्र शाबूत आहेत.

मी आजवर नुसतं तेल लावत होतो. आता नेमबाजीच्या रेंजवरच्या निवृत्त सुभेदार साहेबांनी सांगितलेली रीत धरली आहे. काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारी टोपी असते. जुन्या पद्धतीच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळलं की क्षार उरतो आणि तो क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून गोळीबार झाला की त्याच दिवशी नळीतून उकळतं पाणी, मग फुलतरूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंदी लावून कोरडी होईपर्यंत ओढायचं, आणि शेवटी तेल. माझ्या हातातली काडतुसं कोणत्या टोपीची आहेत याचा विचारच करत नाही, सगळी क्षाराचीच धरून चालतो. पावसाळ्यात दर आठवड्याला चिंदी ओढली. पहिल्या महिन्यात ती तांबडी निघायची, ऑगस्टपासून पांढरी.

ऑगस्टमध्ये वही. निम्मी पानं पुराच्या पाण्याने तपकिरी झालेली, पण अक्षर वाचता येतं. एकूण २१ नोंदी: १३ सांबरं, ७ भेकरं, १ रानडुक्कर. सगळी जंगलं वेल्हे, भोर आणि मुळशीकडची. प्रत्येक नोंदीत जागा, हाकाऱ्यांची संख्या, जनावर कुठल्या अंगाने आलं, गोळी कुठे लागली, त्यानंतर जनावर किती चाललं. आणि अंतर, नेहमी पावलांत.

आता आजोबांचं पाऊल किती मोठं? बाबा म्हणाले, “ते बुटके होते, पण चालायचे झपाझप.” एवढ्यावर हिशेब होत नाही. उत्तर वहीच्या पहिल्या पानावर सापडलं. त्यांनी स्वतःची पावलं मोजून ठेवली होती: ‘वाड्याच्या दारापासून ओंकारेश्वराच्या पायरीपर्यंत ५४० पावलं.’ वाड्याच्या जागी आता सहा मजली इमारत आहे, पण दार कुठे होतं ते बाबांना नेमकं ठाऊक. एका रविवारी सकाळी सहा वाजता, रस्त्यावर गाड्या नसताना, मी आणि मुलीने टेप धरून ते अंतर मोजलं. ३८९ मीटर भरलं. म्हणजे एक पाऊल ७२ सेंटिमीटरचं. मला या सबंध वर्षात इतका आनंद दुसऱ्या कशाने झाला नाही.

मग सगळ्या नोंदी मीटरमध्ये उतरवल्या. बहुतेक बार ४० ते ६० पावलांवरचे, म्हणजे २९ ते ४३ मीटर. यश मिळालेला सर्वांत लांबचा बार ८५ पावलांवर, ६१ मीटर. कारवीच्या रानात याहून लांबचं दिसतच नसणार. ११० पावलांवर, म्हणजे ७९ मीटरवर, एकच बार आहे, वेल्ह्याकडच्या एका उतारावरचा. सांबर चालतं होतं, गोळी मागे पोटात बसली. आजोबा आणि दोन हाकारे दोन दिवस रक्ताच्या मागावर हिंडले. जनावर मिळालं नाही. त्या नोंदीत शेवटी एकच ओळ आहे: ‘अंतर माझं नव्हतं.’ त्यानंतरच्या नऊ नोंदींत ६० पावलांच्या पुढचा एकही बार नाही.

ही ओळ वाचल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. माझं अंतर किती?

काडतुसाच्या बाजूने हिशेब सोपा आहे. गोळी २४४ ग्रेनची (सुमारे १६ ग्रॅम), बोथट नाकाची, नळीतून सेकंदाला सुमारे ६२० मीटर वेगाने निघते. थ्री-नॉट-थ्रीच्या मार्क सात या फौजी गोळीपेक्षा बरीच जड आणि बरीच संथ. १०० मीटरवर नेम जुळवला, तर माझ्या कागदी हिशेबाप्रमाणे ५० मीटरवर ती अडीच सेंटिमीटर वर असते, १५० वर ११ सेंटिमीटर खाली, आणि २०० वर एकदम ३३ सेंटिमीटर खाली. म्हणजे आजोबांच्या सगळ्या अंतरांत माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) आहे तिथेच धरायची, काहीही वरखाली करायचं नाही. जड गोळी जवळून सांबराच्या खांद्यातूनही आत जाते, हे वहीतल्या नोंदींवरून दिसतं. जे लोक या काडतुसाला कमजोर म्हणतात ते त्याला दोनशे मीटरवर तपासतात. ते त्या अंतराचं नाहीच.

माझ्या बाजूचा हिशेब मात्र कठीण निघाला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रेंजवर गेलो. १०० मीटर, झोपून, रेतीच्या पिशवीवर. पाच गोळ्यांचा पसारा २१ सेंटिमीटर, आणि सगळा डावीकडे. स्वयंपाकघरातली ताटली ठेवून मी कागदावर २० सेंटिमीटरचं वर्तुळ आखलं होतं, सांबराच्या काळीज-फुप्फुसाची जागा निदान एवढी तरी असतेच म्हणून. पाचांपैकी दोनच आत होत्या.

सुभेदार साहेबांनी पुढच्या पाच गोळ्यांना एक युक्ती केली. मी पावसाळ्यात कोरड्या सरावासाठी भोसरीतल्या लेथवाल्याकडून नायलॉनची सहा खोटी काडतुसं करून घेतली होती. त्यातली तीन खऱ्यांत मिसळून त्यांनी माझ्या नकळत मॅगझिन भरलं. मॅगझिन भरण्याबाबत त्यांनी एरवी दाखवलेली गोष्टही लक्षात ठेवा: या काडतुसाला बुडाशी कडा आहे, त्यामुळे प्रत्येक वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे यायला हवी, नाहीतर बोल्ट अडकतो. खोटं काडतूस आलं आणि चाप ओढला तेव्हा बार उडालाच नाही, पण नळी मात्र दोन बोटं खाली गेली. ते म्हणाले, “साहेब, रायफल नाही मारत डावीकडे. तुम्ही धक्क्याला आधीच भिताय.” खरं होतं. तीनही खोट्या काडतुसांवर मी दचकलो होतो.

मग विधानसभेची आचारसंहिता लागली आणि रायफल पुन्हा जमा झाली. दीड महिना हातात काहीच नाही. त्या काळात रोज रात्री मुलीची खेळण्यातली बंदूक घेऊन श्वास आणि चाप यांचा सराव केला. चापाची ओढ अर्थातच तशी नाही, पण श्वास अर्धा सोडून थांबायची सवय लागली.

डिसेंबरात रायफल परत आल्यावर दोन गोष्टी केल्या. पहिली, दस्त्याचा चापाच्या पुढचा मोठा स्क्रू तपासला. पुरात फुगलेलं लाकूड पुढे वाळून आकसलं असणार. स्क्रू पूर्ण वळला आणि पाऊण फेरा आणखी गेला. पुढचं लाकूड नळीवर सैल बसलेलं होतं, साठ वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. इशापूरची जुनी रायफल असेल तर आधी हे बघा, मग काडतुसाला नावं ठेवा. हे केल्यावर पसारा १३ सेंटिमीटरवर आला, पण मध्य अजून ९ सेंटिमीटर डावीकडे. म्हणजे सगळा दोष माझ्या दचकण्याचा नव्हता. मागची खाच ते माशी हे अंतर माझ्या रायफलीवर ५० सेंटिमीटर भरतं. १०० मीटरवर ९ सेंटिमीटर हवे असतील तर माशी ०.४५ मिलिमीटर सरकवायची. आणि माशी सरकते ती चुकीच्याच दिशेला, म्हणजे गोळ्या डावीकडे तर माशीही डावीकडे. परवानाधारक मिस्त्रींनी पितळी ठोकणीने दोन हलके ठोके देऊन काम केलं.

जानेवारी २०२५: १०० मीटर, झोपून, ९ सेंटिमीटर. पाचही ताटलीत. दुसऱ्या फेरीत ११. खोट्या काडतुसांवर सहापैकी एकदाच दचकलो. खड्डे पडलेल्या नळीकडून याहून जास्त मागणं अन्याय होईल.

फेब्रुवारीत १५० मीटरवर एकच फेरी केली. माशी ताटलीच्या वरच्या काठावर धरली, पाचांपैकी दोन आत, तीन बाहेर. वारा नव्हता, हात स्थिर होते. उरलेली काडतुसं त्या अंतरावर खर्च केली नाहीत.

एक गोष्ट मात्र मी अजून केलेलीच नाही. आजोबांचा एकही बार झोपून नव्हता. झाडाला खांदा टेकून, नाहीतर तसंच उभ्याने. म्हणून पुढच्या फेरीचा बेत असा: ४३ मीटर, त्यांची साठ पावलं. पाच गोळ्या, उभ्याने, तीच ताटली. काडतुसं बाजूला काढून ठेवली आहेत. रेंजवर टेप घेऊन मुलगीही येणार आहे.