आईसोबत पाठीवर बॅग टाकून श्रीलंका

आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय चौसष्ट, गाव मालवणजवळ. गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी रोज सकाळी. एकदा ती टूरवाल्यांबरोबर जाऊन आली होती आणि त्या सहलीबद्दल तिचं एकच मत आहे, "सगळा वेळ बसमध्ये हजेरी देण्यात गेला." त्यामुळे पुढची सहल मी आखायची ठरलं. मी तिला सांगितलं, सामान कमी, हॉटेलं साधी, बस-रेल्वेनं फिरायचं आणि आवडेल तिथे जास्त राहायचं. "मग त्यात नवीन काय? आम्ही आयुष्यभर असेच फिरलो," ती म्हणाली.

श्रीलंका निवडली ती सोयीसाठी. मुंबईहून विमान अडीच तासांचं. घड्याळ पुढे-मागे करायला नको, म्हणजे गोळ्यांच्या वेळा त्याच. जेवायला भात, मासे, नारळ. आम्ही फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलो, तेव्हा भारतीयांना व्हिसाचं शुल्क माफ होतं, फक्त ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, ऑनलाइन काढावं लागलं. आपल्या एका रुपयाचे तिथले साडेतीनच्या वर मिळत होते. आम्ही तिथे असतानाच, १२ फेब्रुवारीला, श्रीलंकेत यूपीआय सुरू झालं. पण बसचा कंडक्टर आणि शहाळेवाला रोखच मागतात, सुटे हाताशी हवेतच.

खरी तयारी बॅगेची. आईसाठी पस्तीस लिटरची घेतली, कमरेला रुंद पट्टा असलेली. वजन खांद्यावर नाही, कमरेवर यायला हवं, हे दुकानात सांगून पटत नाही. म्हणून घरी बॅगेत तांदळाच्या पिशव्या भरून तिला रोज जिना चढायला लावलं. शेजाऱ्यांना वाटलं, ही कामाला लागली. निघताना बॅग सहा किलोंच्या आत बसली. त्यात आमसुलांचा डबा होता, त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आईवडिलांसोबत असं फिरताना नकाशावर आधी काय बघायचं, तर शौचालय, पायऱ्या आणि दुपारच्या जेवणाची वेळ. प्रेक्षणीय स्थळं त्यानंतर. तिथल्या सरकारी बस लाल, बऱ्याचशा अशोक लेलँड किंवा टाटाच्या. आईला एसटीत बसल्यासारखंच वाटलं. खासगी बस जास्त जोरात जातात आणि त्यातली गाणी त्याहून जोरात. पण लांबच्या बसमध्ये शौचालय नसतं आणि ती कुठे थांबेल ते ड्रायव्हरच्या मर्जीवर. म्हणून आम्ही दोन-तीन तासांच्या वर एका बसमध्ये बसायचं नाही असं ठरवलं. निगोंबोहून दंबुल्लाला जाताना कुरुनेगलाला उतरलो, जेवलो, मग पुढची बस धरली. एकदा आई चढल्या चढल्या पुढची मोकळी सीट बघून बसली. कंडक्टरनं हात जोडून तिला उठवलं. पुढच्या सीट भिक्खूंसाठी राखीव असतात. आपल्याकडे आमदारांसाठी असते तशी, आई म्हणाली, फक्त इथे ती वापरायला खरंच कुणीतरी येतं.

सिगिरिया हा आमचा पहिला कस. पाचव्या शतकात काश्यप राजानं त्या उभ्या खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. वर जायला सुमारे बाराशे पायऱ्या आहेत. सार्क देशांच्या पासपोर्टवर तिकीट अर्ध्या दरात मिळतं, पण मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. ऊन चढायच्या आत गेट गाठलं. भित्तिचित्रांपर्यंतचा गोल लोखंडी जिना आई कठडा धरून चढली आणि त्या अप्सरांच्या दागिन्यांपाशी बराच वेळ रेंगाळली. सिंहाच्या दगडी पंजांपाशी मोठं मोकळं पटांगण आहे. तिथून शेवटचा लोखंडी जिना खडकाला लटकवल्यासारखा वर जातो. तिनं तो एकदा खालून वरपर्यंत बघितला. "तू जा गो वर. मी हयसर बसतंय." मी आग्रह केला नाही. आग्रह करणारी मुलं मी तिथेच बघितली, वैतागलेले बाप आणि रडवेल्या आया ओढत वर नेणारी. मी खाली आले तेव्हा आई एका गोंगाट करणाऱ्या घोळक्याला बोट दाखवून पाटी वाचायला लावत होती. तिथे गांधीलमाश्यांची पोळी आहेत, आवाज करू नका अशी सूचना आहे. घोळका गप्प झाला होता. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या बाईपुढे दुसरं काय होणार.

कँडी ते एल्ला या रेल्वेबद्दल सगळे लिहितात, पण तिकिटाचं कुणी नीट सांगत नाही. आरक्षण साधारण महिनाभर आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. एसी डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे तो न मिळाल्याचं दुःख करू नये. दुसऱ्या वर्गाचं बिनआरक्षित तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं, फक्त बसायला जागा मिळेल याची खात्री नाही. आम्ही तेच घेतलं, पण प्रवासाचे दोन तुकडे केले. आधी नानु ओयापर्यंत, मग नुवारा एलियात मुक्काम करून पुढे. गाडीत शौचालय असतं, हे माझ्या हिशेबात चहाच्या मळ्यांइतकंच महत्त्वाचं होतं.

कँडीला डबा खचाखच भरलेला. एका माणसानं उठून आईला जागा दिली, मी दारापाशी उभी. आईच्या शेजारी पांढऱ्या कपड्यातल्या तीन बायका, तिच्याहून वयानं मोठ्या. त्या हॅटनला उतरून श्रीपादाला, म्हणजे तिथल्या पवित्र डोंगरावर, निघाल्या होत्या. डिसेंबर ते मे हा तिथल्या यात्रेचा हंगाम, लोक रात्री चढायला लागतात आणि पहाटे माथ्यावर सूर्योदय बघतात. आईचे डोळे चमकलेले मला लांबून दिसले. पायऱ्या किती, तिनं खुणेनं विचारलं. पाच हजारांच्या वर, हे कळल्यावर तिनं स्वतःच हात जोडले.

मग कोळंबी लावलेले इस्सो वडे घेऊन विक्रेता आला. ते तिथे जुन्या वहीच्या कागदात देतात. आमचा कागद कुणाच्या तरी गणिताच्या पेपराचा निघाला. मजकूर सिंहली, पण आकडे आपल्या ओळखीचे, लाल पेनानं तपासलेले. आईनं चष्मा लावला. वडा माझ्या हातात दिला आणि भागाकार पडताळायला लागली. "उत्तर बरोबर आहे, तरी एक मार्क कापलाय. बहुतेक बाकी लिहिली नाही." हॅटनला यात्रेकरू उतरले आणि अर्धा डबा रिकामा झाला. खिडकी मिळाली, पण धुकं आणि मळे दिसायला लागेपर्यंत तिचा पेपर तपासून व्हायचा होता.

एल्लाला एका ठिकाणी तळमजल्याची खोली सांगून दुसऱ्या मजल्यावरची दिली. कठडाही धड नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत. सांध्यांचा त्रास असलेलं माणूस बरोबर असेल तर पहिल्या रात्रीचेच पैसे आगाऊ भरावेत, पुढचं खोली बघून.

तिथून जवळच एका घरी राहायला गेलो आणि आमची सहल तिथे खरी रंगली. सकाळी घरमालकीण इंडियाप्पा करत होती. आई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. "हे तर आपले शिरवाळे!" फरक एवढाच की आपण उकडीचे गोळे आधी शिजवतो आणि गरम असतानाच साच्यातून दाबतो. ती कच्चं पीठ वेताच्या छोट्या चकत्यांवर पाडून वाफवत होती. दोघींची भाषा एक नाही, पण दहा मिनिटांत साचा आईच्या हातात होता आणि त्या एकमेकींना अक्का म्हणत होत्या. दुपारच्या माशाच्या आंबट कालवणात गोरका होता, आपल्या कोकमाचा भाऊबंद. आईनं बॅगेतून आमसुलांचा डबा काढला, दोन्ही शेजारी ठेवले, चाखले आणि निम्मी आमसुलं तिथेच देऊन टाकली. नाइन आर्च पूल बघायचा होता, १९२१ सालचा, पोलादाशिवाय दगड, विटा आणि सिमेंटमध्ये बांधलेला. तो मी एकटीनं बघितला. आई पोलोस, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, शिकत होती. तिला पुलाचा फोटो पुरला.

गॉलला मात्र ती माझ्यापुढे चालत होती. किल्ला डचांनी पोर्तुगीजांकडून १६४० मध्ये घेतला. जुन्या दरवाजाच्या आतल्या बाजूला डच ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह आणि १६६९ हे साल कोरलेलं आहे. वेंगुर्ल्याची वखार याच कंपनीची, आणि तिथे आईनं शाळेच्या कितीतरी सहली नेल्या होत्या. "तिथे नुसत्या पडक्या भिंती, आणि इथे बघ, लोक अजून राहतायत," हे ती तटावरून चालताना दोन-तीनदा म्हणाली. तट रुंद आहे, चढउतार फारसा नाही. गुडघेवाल्यांना संध्याकाळी निवांत फिरायला याहून सोयीची जागा आम्हाला सापडली नाही.

शहरांत रिक्षा पिकमी ॲपवरून घेतल्या. रस्त्यावर हात केला की भाव तिपटीनं सांगतात, आणि आई घासाघीस सुरू करते, मग अर्धा तास जातो.

परतताना तिला कितुलची काकवी हवी होती, म्हशीच्या दह्यावर घालतात ती. कितुल म्हणजे आपला भेरली माड. आमच्याकडे त्याच्या झावळ्या मंडपाच्या सजावटीला लागतात, इथे रस काढून आटवतात. आमच्याकडे फक्त केबिनमधलं सामान, त्यात शंभर मिलीच्या वर द्रव चालत नाही. शेवटी काकवीऐवजी कितुलचा गूळ घेतला. विमानतळावर तपासणीत तो बाहेर काढायला लावला, तर आईनं अधिकाऱ्याला त्याचा भाव विचारला आणि आम्ही जास्त दिले की काय ते पक्कं करून घेतलं. जास्तच दिले होते.