गिअरमध्ये राहिलेली आठशे

मे महिना. इंजिनिअरिंगची चार पोरं जुनी मारुती आठशे टोचन करून माझ्या अंबडच्या गॅरेजात घेऊन आली.

"काका, हिचा गुरुत्वमध्य काढायचाय."

"वस्तुमान केंद्र म्हण," त्यांच्यातली पोरगी म्हणाली. गाडीचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानतात, त्या बिंदूला नाव काय द्यायचं, यावरून चहा यायच्या आत भांडण पेटलं.

ओळखीच्या पॅकहाउसातून चार इलेक्ट्रॉनिक काटे आणले. द्राक्षांचा हंगाम संपल्यामुळे ते पडूनच होते. पुढे 400, मागे 250 किलो. दोन आसांमधलं अंतर 2175 मिलिमीटर, त्याला 250 भागिले 650 नं गुणलं की तो बिंदू पुढच्या आसापासून 84 सेंटिमीटर. हे सोपं.

घोळ झाला उंचीचा. चेन-पुलीनं उचलून मागची चाकं 50 सेंटिमीटरच्या ठोकळ्यांवर ठेवली. आता पुढच्या काट्यांवर किती वाढतं ते बघायचं. एकदा 11 किलो, पुन्हा केलं तर 34! पोरं एकमेकांची गणितं तपासत बसली. मी गाडीला हातानं रेटा दिला. ढिम्म. गिअरमध्ये होती, वर हँडब्रेकही ओढलेला. मागून उचलल्यावर आसांमधलं आडवं अंतर जवळपास सहा सेंटिमीटरनं घटतं. चाकं बांधलेली असली की ती एकमेकांना ओढतात, आणि ती ओढ काट्यात शिरते. "न्यूट्रल केली तर घसरेल ना?" काटे-ठोकळे लेव्हलला असले की कुठे घसरते! न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला, स्प्रिंगा दबू नयेत म्हणून पट्ट्या ठोकल्या. मग तीनही वेळा 19. म्हणजे तो बिंदू आसाच्या वर 27, चाकाची त्रिज्या 25, जमिनीपासून 52 सेंटिमीटर.

भांडण मात्र चालूच. मी म्हटलं, काटा वजन तोलतो, म्हणून गुरुत्वमध्य. वळणावर गाडी कलते, तिथे वस्तुमान केंद्र. जागा एकच, कारण एवढ्याशा गाडीत टपाजवळ काय नि चाकाजवळ काय, पृथ्वीची ओढ सारखीच. गाडी ब्रह्मगिरी डोंगराएवढी असती तर फरक दिसला असता.

पोरगीला पटलं नाही बहुतेक. पण तिनंच वहीत मांडलं: टपावर, दीड मीटर उंचीवर, 50 किलोची कांद्याची गोणी ठेवली तर 52 चे 59 होतात. मी ते आकडे दोनदा वाचले.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक टपावरचं कॅरिअर न्यायला आलं. चार इंची पाय तयार होते, वेल्डिंग तेवढं बाकी. ग्राइंडर काढून दोन इंच उडवले.

"अहो, कमी का केलं?"

"गडावर जाताय ना? सामान डिकीत भरा."

तो कुरकुरला. मी पैसे तेवढेच घेतले.